गोव्याच्या वाटेवर उतरायची गावं: खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि पलीकडचा डोंगर निवांत कसा पाहावा

शनिवारी सकाळी बेळगावच्या पिरनवाडी फाट्यावर उभं राहिलं की गाड्यांची रांग दिसते. सगळ्या किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याला उतरणाऱ्या. जांबोटीत चहापुरता थांबा होतो, कणकुंबीत तेवढाही होत नाही. वाटेत लागणारी ही गावं म्हणजे गोव्याआधीचा कंटाळवाणा रस्ता, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं.

माझं म्हणणं उलट आहे. बेळगाव जिल्ह्याचा पश्चिमेकडचा खानापूर तालुका आणि त्याला लागून असलेला उत्तर कन्नड, म्हणजेच कारवार जिल्ह्यातला जोयडा तालुका, एवढ्या पट्ट्यात आठवडा काढावा असं भरपूर आहे. जुन्या बाजारपेठा, कौलारू घरं, बाराव्या शतकातली देवळं, दोन नद्यांचे उगम आणि घराघरात बोलली जाणारी मराठी. हे सगळं घाईत दिसत नाही, कारण बघण्याच्या जागा एका ओळीत मांडलेल्या नाहीत. एका गावात मुक्काम टाकून, एसटीने आणि पायी फिरलं तरच हा मुलूख उलगडतो. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी जमिनीची ठेवण समजून घ्या

नकाशा उघडा आणि दोन नद्या शोधा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वळते. खानापूरला वळसा घालून सौंदत्तीच्या धरणात येते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादईचा उगम तिथून फार लांब नाही, भीमगडच्या रानात देगाव परिसरात झऱ्यांमधून होतो. पण ती पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन डोंगरांवर पडलेला पाऊस एकीकडे बंगालच्या उपसागरात जातो आणि दुसरीकडे पणजीला.

एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सोपं जातं. पूर्वेकडची गावं, म्हणजे खानापूर, नंदगड, हलशी ही भातशेतीची, बाजाराची, देवळांची. पश्चिमेकडची, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा ही रानाची आणि पावसाची. दक्षिणेकडे गुंजी, लोंढा, कॅसलरॉक ही रेल्वेची. तिन्हींची चाल वेगळी आहे. सुरुवात पूर्वेकडून करावी आणि हळूहळू रानात शिरावं, असं मला वाटतं. थेट कणकुंबीला जाऊन पडलात तर सुंदर रानाशिवाय काहीच हाती लागणार नाही. माणसं कळायला आधी बाजार बघावा लागतो.

कधी जावं

दिवाळीच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. पाऊस ओसरलेला, ओढे अजून वाहते, भात पिवळं झालेलं. दिवाळीनंतर कापणी आणि मळणी सुरू होते. त्या दिवसांत गावात मोकळा माणूस सापडणार नाही, पण खळ्यावर जाऊन बसलात तर कोणी उठवणारही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास रताळ्यांचा हंगाम असतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली रताळी मुंबई-दिल्लीपर्यंत जातात, ती इथे शेताच्या बांधावर चुलीतल्या राखेत भाजलेली खायला मिळाली तर सोडू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी चांगली पडते आणि सकाळी धुकं असतं. चालायला हाच काळ उत्तम. मार्च ते मे दुपारी तापतं खरं, पण काजू, फणस, करवंदं, जांभळं असा रानमेवा याच दिवसांत. ओल्या काजूगरांची उसळ खायची असेल तर मार्च-एप्रिल गाठा. गावोगावच्या यात्राही साधारण याच काळात येतात.

जून ते सप्टेंबर या काळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मे अखेरीस इथले शेतकरी कोरड्या मातीत भात पेरतात, त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. मग पाऊस लागतो, आणि कणकुंबीकडे तो बेळगाव शहराच्या कित्येक पट पडतो. रान बघण्यासारखं होतं, पण ओढे रस्त्यावर येतात, झाडं पडतात, वीज दोन-दोन दिवस जाते. अभयारण्यातल्या गावांचा संपर्क तुटतो. धबधब्यांवर जायला वनखातं आणि पोलीस पावसाळ्यात बंदी घालतात, आणि ती योग्यच आहे. दरवर्षी कोणी ना कोणी वाहून जातं. पावसाळ्यात यायचंच असेल तर खानापुरात राहा, हलशी बघा, कणकुंबीपर्यंत एसटीने जाऊन या. पाण्यात उतरू नका.

पहिला मुक्काम: खानापूर

बेळगावहून खानापूर 26 किलोमीटर. बस दर थोड्या वेळाने असते, पण शक्य असेल तर रेल्वेने या. देसूर, इदलहोंड, खानापूर अशी छोटी स्टेशनं लागतात, आणि शहर मागे पडून भातखाचरं सुरू होताना डोळ्यांनी दिसतात. पुण्या-मिरजेकडून येणाऱ्यांना बेळगावात न उतरता थेट खानापूर गाठता येतं. मात्र सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा थांबा बघूनच तिकीट काढा.

खानापूर हे दिसायला साधं तालुक्याचं गाव आहे. बसस्टँडवर उतरल्या उतरल्या मोहात पडावं असं काही नाही, आणि म्हणूनच पर्यटक थांबत नाहीत. पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका. दुपारी मलप्रभेच्या घाटावर जा, संध्याकाळी पेठेतून चक्कर मारा. आठवड्याच्या बाजाराचा वार मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आधीच विचारा आणि तो दिवस गाठेल असा बेत करा. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं सकाळच्या पहिल्या गाडीने उतरतात. गवळी-धनगर बायका तूप आणतात, कुणी रानभाजी, कुणी सुके मासे, कुणी बांबूच्या टोपल्या आणि सुपं. दुपारी तीननंतर परतीची गाडी गाठायची घाई सुरू होते आणि बाजार तासाभरात रिकामा होतो. म्हणून सकाळीच जा.

खानापूरची दुसरी ओळख म्हणजे माती. नदीकाठची इथली माती विटा, कौलं आणि भांडी या तिन्हींना चालते. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था याच गावात आहे, ती उगाच नव्हे. आजूबाजूच्या वीटभट्ट्या आणि कुंभारांची घरं बघायला जायचं असेल तर सकाळची वेळ धरा, आणि थोडं थांबायच्या तयारीने जा. चाकावरून उतरवलेलं मडकं लगेच भट्टीत जात नाही. आधी सावलीत सुकतं, अर्धं सुकलं की आतून दगड आणि बाहेरून लाकडी फळी धरून थोपटत त्याचा तळ भरतात, मग पुन्हा सुकतं. हे थोपटणं बघण्यासारखं असतं. कुंभाराचा हात एका लयीत चालतो आणि आवाज बदलला की त्याला भिंत कुठे जाड राहिली ते कळतं. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि एखादं भांडं विकत घ्या. दह्याचं गाडगं बरं, पिशवीत टिकतं.

गावापासून चार-पाच किलोमीटरवर असोगा. मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, नदीत खडक आणि काठाला झाडी. सकाळी चालत जा, रिक्षा करू नका. वाटेत शेतं आहेत आणि शेतातली माणसं हटकतात. "कुठलं गाव?" हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर नीट दिलंत की पुढचा अर्धा तास बोलण्यात जातो, तो जाऊ द्या.

नंदगड आणि हलशी: एक दिवस पुरत नाही

लोक खानापूरहून रिक्षा करून नंदगड आणि हलशी एका दुपारीत उरकतात. मी दोन दिवस सांगेन. पहिला नंदगडला, दुसरा हलशीला. दोन्हीकडे एसटी जाते, आणि एसटी चुकली तर वडाप असतं. वडाप म्हणजे माणसं भरली की निघणारी जीप किंवा टेम्पो. ती कधी निघेल याचा अंदाज ड्रायव्हरलाही नसतो, तेव्हा घाई असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

नंदगड ही जुनी बाजारपेठ. पेठेत अजून लाकडी खांबांची, पुढे कट्टा असलेली दुकानं आहेत. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी इथेच फाशी दिलं. त्याची समाधी आणि त्याच्या नावाने सांगितला जाणारा वड इथे आहे, आणि मुलासाठी नवस बोलायला बाया अजून येतात. कन्नड-मराठी असा भेद या जागी कुणी करत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना रायण्णाबद्दल मराठीत विचारा, ती घरातल्या माणसासारखं सांगतात.

हलशी मात्र खरी चीज आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. खानापूरपासून 15-20 किलोमीटरवरचं हे लहानसं खेडं पाचव्या-सहाव्या शतकात बनवासीच्या कदंब राजांची दुसरी राजधानी होतं. तेव्हाचं नाव पलाशिका. इथे सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांत जैन संघांना दिलेल्या दानांची नोंद आहे. गावात पडकी जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, अजून उभी आहे. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांचा अंमल आला आणि त्यांच्या काळात भूवराह-नरसिंहाचं देऊळ उभं राहिलं.

देवळात शिरल्यावर लगेच मूर्तीकडे धावू नका. मंडपाच्या मधोमध उभे राहा. समोर एक गाभारा आहे, आणि पाठीमागे त्याच्या बरोबर समोरासमोर दुसरा. देऊळ म्हटलं की एक दार, एक देव अशी आपल्याला सवय असते, इथे दोन देव एकमेकांकडे बघत बसले आहेत. भूवराहाची मूर्ती माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारी, सुळ्यावर पृथ्वीला उचललेली. आत उजेड कमी असतो. डोळे सरावायला पाचेक मिनिटं द्या, मग काळ्या दगडावरची घडण दिसू लागते. मोबाइलचा टॉर्च मारून बघण्यात अर्थ नाही, सपाट उजेडात खोली दिसत नाही. पुजारी असतील तर निरांजनाच्या उजेडात दाखवतात, ते खरं दर्शन.

बाहेर पडल्यावर सुवर्णेश्वर, कलमेश्वर आणि रामेश्वराची देवळं पायीच बघा. काही गावात, काही शेतांच्या कडेला आहेत. वाट सांगायला गावातली पोरं येतात. त्यांच्या हातात पैसे ठेवू नका, खाऊ द्या किंवा गावातल्या शाळेला वह्या द्या. हलशीत राहायची सोय नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी पहिल्या गाडीने या, दुपारचा डबा बरोबर आणा, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरकडून उतरतानाच विचारून ठेवा.

देवळांची गोडी लागलीच तर कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर बघा. तेही गोव्याच्या कदंबांचं, राणी कमलादेवीने बांधवलेलं, एका मंडपावर तीन गाभारे आणि छतात कोरलेली कमळं. फक्त एक ध्यानात घ्या: देगाव नावाची दोन गावं आहेत. एक कित्तूरजवळ, दुसरं भीमगडच्या रानात. रिक्षावाल्याला नुसतं "देगाव" सांगू नका.

दुसरा मुक्काम: जांबोटी-कणकुंबी

आता रानाकडे वळा. खानापूरहूनही जांबोटीला गाडी आहे आणि बेळगावहून पिरनवाडीमार्गेही. जांबोटी ही डोंगरातल्या वाड्यांची बाजारपेठ, छोटी पण जागती. आजूबाजूला आता घरगुती राहण्याच्या सोयी झाल्या आहेत. काही गावकऱ्यांच्या, काही बाहेरच्यांनी बांधलेल्या. निवडताना एकच प्रश्न विचारा: जेवण कोण करतं? घरातली बाई चुलीवर करत असेल तर तिथे राहा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, आमटी-भात, घावन, आमसुलाचं सार, पहिल्या पावसानंतर अळंबी आणि बांबूचे कोंब, नदीला पाणी आलं की खेकडे. मेन्यू कार्डवरचं पनीर मागायला इतक्या लांब येऊ नये.

जांबोटीजवळ हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रात स्वयंभू मारुतीचं देऊळ आहे. पावसाळ्यात नदी चढली की देऊळ पाण्याखाली जातं, आणि तशी बातमी बेळगावच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येते. त्या बातमीवरून लोक पावसाचा अंदाज बांधतात. थंडीत पाणी उतरलेलं असतं तेव्हा जा. शनिवारी भाविकांची गर्दी, इतर दिवशी तुम्ही, पुजारी आणि नदी.

कणकुंबी बेळगावहून 50 किलोमीटरच्या आसपास. इथे माऊली देवीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. पहिल्यांदा येणाऱ्याला उगम बघून आश्चर्य वाटतं, कारण सौंदत्तीचं अथांग धरण भरणारी नदी इथे एका कुंडात मावते. चपला बाहेर काढा, कुंडात पाय घालू नका, बाटल्या भरून आणू नका. गावकरी या पाण्याला फार जपतात.

गावात बसलात की कळसा-भांडुऱ्याचा विषय निघेल. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायची ही योजना. कर्नाटकाला ती उत्तरेकडच्या शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी हवी आहे, गोव्याचा तिला विरोध आहे. 2018 साली लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं, पण तंटा मिटलेला नाही. कणकुंबीजवळ खोदलेला कालवा रस्त्यावरून दिसतो. या गावच्या माणसांचं म्हणणं ऐका. बातम्यांत दोन राज्यांची बाजू येते, ज्यांच्या शेतातून कालवा गेला त्यांची क्वचितच.

इथून चोर्ला जवळ आहे, जिथे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकत्र येतात. पाहायला जरूर जा, पण घाटरस्त्यावर चालत फिरू नका. वळणावर गाड्या वेगाने येतात.

भीमगडचं रान: परवानगीशिवाय पाऊल नको

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, क्षेत्र 190 चौरस किलोमीटरच्या आसपास. बारापेडे गुहांत राहणारं, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारं रॉटनचं वटवाघूळ ही या रानाची मोठी ओळख. त्या गुहांकडे जाऊ नका, कोणी नेतो म्हणाला तरीही. माणसांच्या वावराने वटवाघळं जागा सोडतात. भीमगड किल्ला, वज्रपोहा धबधबा आणि आतली गावं यांसाठी वनखात्याची परवानगी लागते. खानापूरच्या वन कार्यालयात आधी चौकशी करा. हेम्माडग्याला वनखात्याचं निसर्गशिबिर आहे, तिथे आगाऊ नोंदणी करून राहिलात तर वाटाड्या मिळतो आणि नियमही मोडत नाहीत.

रानाच्या कडेच्या गावांत सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर एकट्याने पायवाटेने जाऊ नये. भीती वाघाची कमी, अस्वलाची जास्त. खानापूर तालुक्यात शेताकडे निघालेल्या माणसांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या घटना वारंवार घडतात, कारण झुडपातून ते अचानक समोर येतं. गावकरी हातात काठी घेऊन, मोठ्याने बोलत चालतात. तुम्हीही तसंच करा. कानात हेडफोन घालून रानात चालणं हा मूर्खपणा आहे.

पावसाळ्यात जळवा लागतात. मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा, ओढून काढू नका. थंडी-उन्हाळ्यात गोचिडांची काळजी घ्या. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि वनखात्याला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

रेल्वेची वाट: गुंजी, लोंढा, कॅसलरॉक

खानापूरच्या पुढे गुंजी, मग लोंढा. गुंजीची माऊली पंचक्रोशीत मानलेली. लोंढा जंक्शन म्हणून माहीत आहे, राहण्यासारखं फार नाही. तिथून तिनईघाट आणि मग कॅसलरॉक, जे जोयडा तालुक्यात येतं.

गोव्यात पोर्तुगीज होते तोवर, म्हणजे 19 डिसेंबर 1961 पर्यंत, कॅसलरॉक हे सीमेवरचं स्टेशन होतं. जकात, कागदपत्रं, तपासणी सगळं इथे. त्या वर्दळीच्या मानाने आजचं गाव फारच शांत आहे. जुनी रेल्वे क्वार्टर्स, उंच झाडं, घाट चढून धापा टाकत आलेल्या मालगाड्या. इथून खाली कुळेपर्यंतचा घाट भारतातल्या कठीण रेल्वेघाटांपैकी एक, चढ 37 ला 1. दूधसागर याच घाटात आहे. दिवसा जाणाऱ्या गाडीच्या दारातून नाही, खिडकीतून बघा. रुळांवरून चालत दूधसागरला जाणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. मिरजेहून कॅसलरॉकपर्यंत येणारी गाडी या गावांसाठी सोयीची आहे. वेळापत्रक बदलत असतं, निघण्यापूर्वी बघून घ्या.

सवड असेल तर जोयडा

जुनं सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात गेलं आणि तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं. इथल्या कुणबी घरांत कंदमुळांची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुडली, कणंग आणि इतर कितीतरी प्रकार. हिवाळ्यात जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. तारीख दरवर्षी ठरते, तेव्हा डिसेंबर उजाडला की चौकशी सुरू करा. मेळ्यात प्रत्येक बाई आपल्या टोपलीतल्या कंदाचं नाव आणि कसा शिजवायचा ते सांगते, घाई केली तर नीट सांगत नाही. बोली कोकणीकडे झुकलेली, पण मराठी समजते. आजूबाजूचं बरंचसं रान काळी व्याघ्र प्रकल्पात येतं, म्हणून इथेही परवानगीचा नियम तोच.

भाषा, एसटी आणि सीमेवरची रीत

खानापूर तालुक्यात घरात, शेतात, बाजारात मराठी चालते. बसवरच्या आणि सरकारी कचेऱ्यांवरच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात. ज्या गावांना जायचं त्यांची नावं कन्नड लिपीत मोबाइलमध्ये फोटो करून ठेवा, म्हणजे स्टँडवर पाटीशी ताडून पाहता येतं. कंडक्टरशी दोन शब्द कन्नडमध्ये बोला: "एष्टु?" म्हणजे किती, "निल्लसरी" म्हणजे थांबवा, "नीरु" म्हणजे पाणी. शेवटी "री" लावायला विसरू नका, आपल्या "हो" किंवा "जी"सारखा तो मान आहे.

कर्नाटकातल्या महिलांना जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे. महाराष्ट्राचं आधार कार्ड असलेल्या बहिणींना तिकीट काढावं लागतं, वाद घालू नये. बाजाराच्या दिवशी बस तुडुंब असते, जागा मिळाली नाही तर उभ्याने जायची तयारी ठेवा.

सीमाप्रश्न इथे पुस्तकातला नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून इथली मराठी माणसं 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात आणि त्याच दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते. त्या दिवसांत, आणि डिसेंबरच्या सुमारास बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना, तणाव झाला तर दोन राज्यांमधल्या बस बंद पडतात. बेत आखताना हे धरून चाला. गावात कोणी विषय काढला तर ऐकून घ्या, आपण होऊन भडकावणारं बोलू नका. तुम्ही दोन दिवसांनी घरी जाल, त्यांना तिथेच राहायचं आहे, आणि शेजारच्या कन्नड घराशी त्यांचं रोजचं देणंघेणं आहे.

यात्रेला बोलावणं आलं तर

या भागात महालक्ष्मीच्या यात्रा गावागणिक काही वर्षांच्या अंतराने येतात, काही ठिकाणी कित्येक वर्षांनी. यात्रा ठरली की घरं रंगवली जातात, लेकी माहेरी येतात, मुंबई-पुण्याला गेलेले परततात. त्याआधी वार पाळतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी शेतीचं काम बंद. अशा दिवसांत कुणी जेवायला बोलावलं तर नक्की जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. बेळगावचा कुंदा किंवा फळं न्या, देवीची ओटी भरायला नारळ-खण विचारून न्या. गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढची प्रार्थना, चालू असताना मध्येच फोटो काढू नका.

बरोबर काय न्यावं

सुटे पैसे भरपूर, कारण डोंगरात मोबाइलची रेंज जाते आणि रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणंही थांबतं. टॉर्च, मीठ, पूर्ण बाह्यांचे कपडे, जुने बूट, पाण्याची बाटली. नेहमीची औषधं बेळगावातूनच घेऊन निघा. साप चावला किंवा मोठी इजा झाली तर गावठी उपायात वेळ घालवू नका, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवून थेट बेळगाव गाठा. प्लॅस्टिकचा कचरा परत शहरात आणा, इथे तो टाकायला जागा नाही आणि गुरं तो खातात.

दिवसांची वाटणी अशी करा: खानापूर आणि असोगा दोन दिवस, नंदगड आणि हलशी दोन दिवस, जांबोटी-कणकुंबी तीन दिवस. दोन दिवस जास्त असतील तर कॅसलरॉक आणि जोयडा. कमी दिवस असतील तर गावं कमी करा, प्रत्येक गावाचे दिवस कापू नका. जोयड्याहून परतताना दांडेली-हळियाळमार्गे बसने अळणावरला या, तिथून लोंढ्यावरून बेळगावकडे जाणारी रेल्वे मिळते.